दादाला स्ट्रीमिंग पुरेल, तुला नाही

ताई,

मी आणि माझा दादा, दोघंही गेमवेडे. एक चांगला गेमिंग पीसी घ्यायचा म्हणून दोघांनी मिळून पैसे साठवले. आता रक्कम जमली, तर दादाने शब्द फिरवला. तो म्हणतो, मशीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गाणी स्ट्रीमिंगवर गेली, सिनेमे गेले, आता गेमही जाणार. क्लाउड गेमिंगची वर्गणी भरायची (गेम कंपनीच्या दूरच्या मशीनवर चालतो, आपल्याकडे नेटवरून नुसतं चित्र येतं), जुन्याच लॅपटॉपवर हवा तो गेम खेळायचा, ग्राफिक्स कार्ड बदलायची कटकट नाही. थोड्या वर्षांत घरी मशीन ठेवणारा गेमर शोधूनही सापडणार नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

दादा ऑफिसातून आला की तास-दोन तास मोठे, गोष्टीचे गेम खेळतो. मी फायटिंग गेम आणि शूटर, म्हणजे नेमबाजीचे गेम, खेळते, ऑनलाइन स्पर्धांत भाग घेते. मैत्रिणीकडे क्लाउडवर खेळून पाहिलं तेव्हा हात जड झाल्यासारखे वाटले. दादा म्हणतो, तो तुझा भास. वर हेही म्हणाला की शिक्षण संपलं की तुझं गेमिंग आपोआप सुटेल, मग एवढं मशीन कुणासाठी? ते लागलं मला. ताई, खरंच सगळे गेमर क्लाउडवर जाणार आहेत का? आणि आम्ही काय घ्यावं?

दोघांमधली धाकटी

प्रिय धाकटी,

तुझे हात जड झाले हा भास नव्हता. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. तुला जे जाणवलं ते मोजता येतं, त्याला कारण आहे, आणि तू खेळतेस त्या प्रकारच्या गेममध्ये ते कारण पुरतं दूर करणं अजून कुणाला जमलेलं नाही. दादाचंही सगळं चूक नाही. स्वतःच्या खेळापुरतं बोलला असता तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. माझं मत विचारशील तर साठवलेल्या पैशांतून मशीन घ्या; पण त्याआधी महिनाभर दादाची वर्गणी जरूर घेऊन बघा. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. दादाला पटवायचं तर ‘ताई म्हणाली’ एवढं पुरायचं नाही.

गाणी-सिनेमे गेले म्हणून गेमही जाणार, हा त्याचा मुख्य मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण सिनेमा स्ट्रीम होताना पुढची काही सेकंदं तुझ्या फोनमध्ये आधीच येऊन बसलेली असतात. नेट मध्येच अडखळलं तरी त्या साठ्यातलं दिसत राहतं आणि तुला पत्ताही लागत नाही. गेममध्ये असा साठा करायला जागाच नाही, कारण पुढचं चित्र अजून तयारच झालेलं नसतं. तू उडी मारणार की वाकणार, त्यावर ते ठरणार असतं. म्हणजे तू बटण दाबलंस की तो निरोप तुझ्या यंत्रातून वाय-फायवर, तिथून राउटरला, राउटरहून नेट कंपनीच्या जाळ्यातून डेटा सेंटरपर्यंत, म्हणजे गेम चालवणारी मशीनं ठेवलेल्या जागेपर्यंत, जातो. तिथलं मशीन गेम पुढे सरकवतं, चित्र काढतं, ते व्हिडिओसारखं दाबून लहान करतं आणि त्याच वाटेने परत पाठवतं. तुझा लॅपटॉप ते उलगडतो आणि मग पडद्यावर तुझा खेळाडू हलतो. हे सगळं प्रत्येक चित्रासाठी, सेकंदाला साठ वेळा.

अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. डेटा सेंटर १०० किलोमीटरवर असेल तर नुसतं जाऊन यायला १ मिलिसेकंद लागतो, १,००० किलोमीटरवर असेल तर १०. हे झालं सरळ रेषेचं गणित. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, वाटेत अनेक ठिकाणी थांबे असतात, शिवाय चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ जातो तो वेगळाच. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स नाऊ ही क्लाउड गेमिंग सेवा स्वतःच सांगते की डेटा सेंटरपर्यंतची लेटन्सी, म्हणजे निरोपाला लागणारा उशीर, ८० मिलिसेकंदांच्या आत हवी आणि चांगल्या अनुभवासाठी ४०च्या आत. आता हे फ्रेममध्ये मोजून बघ: ४० मिलिसेकंद म्हणजे दोनहून जास्त फ्रेम, ८० म्हणजे जवळजवळ पाच. अनेक फायटिंग गेममध्ये सगळ्यात चपळ ठोसा चार-पाच फ्रेममध्येच लागतो. चाल अडवायला मिळणाऱ्या वेळातून एवढा तुकडा काढून घेतला तर हात जड वाटतील नाही तर काय होईल?

सरासरी उशीर एकवेळ चालवून घेता येतो. ठरावीक उशिराची हाताला सवय होते, माणूस थोडं आधी बटण दाबायला शिकतो. पण वाय-फायवर हा उशीर स्थिर राहत नाही. एक चित्र वेळेवर येतं, पुढचं रखडतं, मग दोन एकदम येऊन धडकतात. शेजारच्या खोलीतून कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला की राउटरमध्ये रांग लागते आणि तुझं बटण त्या रांगेत अडकतं. नेटचा स्पीड १०० एमबीपीएस असो की ५००, त्या रांगेवर तो आपोआप इलाज होत नाही. ‘आमचं नेट फास्ट आहे’ असं दादा म्हणेल तेव्हा त्याला हे सांग. स्पीड म्हणजे एका वेळी किती माल येतो. तुला हवा आहे तो एकेक निरोप वेळेवर पोचणं.

अजून एक गोष्ट मैत्रिणीकडे तुझ्या लक्षात आली नसेल. क्लाउडवर ऑनलाइन सामना खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचा, आकडा दिसतो, तो बहुधा अगदी छान असतो. कारण तो डेटा सेंटरमधल्या मशीनपासून सामन्याच्या सर्व्हरपर्यंतचा असतो. तुझ्या हातापासून त्या मशीनपर्यंतचं अंतर त्यात धरलेलंच नसतं. गेम सांगतो सगळं ठीक आहे, आणि हात सांगतो काहीतरी बिनसलंय. अशा वेळी हातावर विश्वास ठेवायचा.

आणि रोलबॅक, म्हणजे मागे जाऊन दुरुस्ती करायचं तंत्र. तुझ्या खेळात त्याचं महत्त्व तुला माहीतच आहे, पण दादासाठी लिहिते. चांगल्या फायटिंग गेममध्ये समोरच्याची चाल नेटवरून येईपर्यंत तुझं मशीन थांबत नाही. तो काय करेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेतं. अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतं. त्यामुळे तुझी स्वतःची चाल तुला लगेच दिसते. ही सगळी करामत खेळाडूच्या हाताशी मशीन आहे म्हणून शक्य होते. क्लाउडवर तुझ्याकडे नुसता पडदा असतो. अंदाज बांधायला तिथे काहीच नसतं. २०१९मध्ये गुगलच्या स्टेडिया या क्लाउड गेमिंग सेवेच्या अभियांत्रिकी प्रमुखांनी सांगितलं होतं की सर्व्हरच खेळाडूच्या पुढच्या बटणाचा अंदाज बांधेल आणि एक-दोन वर्षांत क्लाउडवरचे गेम घरच्या मशीनहून चपळ होतील. तसं झालं नाही. तुझ्यासाठी प्रश्न इथेच मिटतो: स्पर्धेत उतरायचं असेल तर मशीन हाताशी हवं.

दादाचा खेळ मात्र निराळा. डोंगरावरून घोडा दौडवत जायचं, गावात कुणाशी बोलायचं, रात्री चोरपावलांनी किल्ल्यात शिरायचं. यात ४०-५० मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले तर त्याला कळणारही नाही. कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, सेकंदाला ३० फ्रेमने चालणारे कितीतरी गेम बटणापासून पडद्यापर्यंत १००हून जास्त मिलिसेकंद घेतात आणि लोकांनी ते प्रेमाने खेळलेत. त्याला खटकलंच तर चित्र खटकेल. अंधाऱ्या गुहेत काळ्या रंगाचे ठोकळे दिसतात. पाऊस, गवत, धूर असला की बारकावा पुसट होतो, कारण व्हिडिओ दाबताना पहिला बळी त्याच गोष्टींचा जातो. मोठ्या टीव्हीवर हे ठळक दिसतं, लॅपटॉपच्या पडद्यावर फारसं नाही.

त्याने डेटाचा हिशोब मात्र आधी करावा. १०८०पी (फुल एचडी) चित्र, ६० फ्रेम यांसाठी जीफोर्स नाऊ २५ एमबीपीएस मागते. तेवढा वेग सलग वापरला तर तासाला सुमारे ११ जीबी होतात. रोज दोन तास धरले तर महिन्याला पावणेसातशे जीबीच्या घरात. तुमच्या कनेक्शनवर महिन्याची मर्यादा असेल, किंवा ठरावीक वापरानंतर वेग उतरत असेल, तर विसाव्या दिवशीच गोष्ट अर्ध्यात थांबेल.

आता तुझा मोठा प्रश्न. सगळे गेमर क्लाउडवर जाणार का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण नुसता उशीर नाही. हा प्रयोग नवा नाहीच. ऑनलाइव्ह ही सेवा अमेरिकेत २०१०मध्ये सुरू झाली, तेव्हाही कन्सोल आता संपले असंच लोक म्हणत होते. २०१५मध्ये ती बंद पडली आणि तिची पेटंट सोनीने घेतली. गायकाई ही दुसरी कंपनी सोनीने त्याआधीच, २०१२मध्ये, विकत घेतली होती. मग नोव्हेंबर २०१९मध्ये गुगल स्टेडिया घेऊन आलं. तंत्र म्हणून स्टेडिया वाईट नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. डिसेंबर २०२०मध्ये सायबरपंक २०७७ हा मोठा गेम आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची इतकी दुर्दशा होती की सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला. त्याच दिवसांत स्टेडियावर तो बऱ्यापैकी नीट चालत होता. दादासारख्या खेळाडूसाठी याहून चांगली जाहिरात कुठली असणार? तरीही सप्टेंबर २०२२मध्ये गुगलने सेवा गुंडाळायची घोषणा केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली.

स्टेडियाचं कुठे चुकलं असं विचारशील तर माझं उत्तर एकच आहे. तिथे गेम विकत घ्यावा लागे, पण तो फक्त तिथेच चालत असे. उद्या सेवा गेली की गेमही गेला. ज्याने वर्षानुवर्षं गेम जमवलेत, त्याला हे मान्य होणं अवघड होतं. पहिल्या दिवसापासून लोक विचारत होते की गुगलने हे बंद केलं तर आमचं काय. शेवटी गुगलने स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि स्वतःच्या दुकानातून विकलेल्या हार्डवेअरचे पैसे परत केले, हे चांगलंच झालं. पण ते मोठ्या कंपनीला परवडलं म्हणून. पुढची एखादी सेवा बुडेल तेव्हाही असेच परत मिळतील यावर मी कुणाला पैसे लावायला सांगणार नाही.

जीफोर्स नाऊचा मार्ग यापेक्षा शहाणपणाचा आहे. तिथे बरेचसे गेम तुझ्याच स्टीमच्या किंवा एपिकच्या, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानांच्या, खात्यातले असतात. सेवा फक्त मशीन भाड्याने देते. सेवा सोडली तरी खात्यातले गेम जागेवर राहतात, उद्या स्वतःचं मशीन घेतलं की त्यावर चालतात. पण इथेही एक पाचर आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि काही आठवड्यांतच अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड, बेथेस्डा, २के अशा प्रकाशकांनी आपले गेम तिथून काढून घेतले. खेळाडूने गेम विकत घेतलेला, मशीनचं भाडं तो भरतोय, तरी प्रकाशक नाही म्हणाला की खेळता येत नाही. त्यातले बरेच गेम नंतर परत आले. तरी दादाला हा मुद्दा समजायला हवा, की क्लाउडवर काय खेळायचं हे त्याच्याशिवाय आणखी दोघं ठरवतात.

दादाच्या गणितात सगळ्यात मोठी फट मला पैशाच्या बाजूला दिसते. गाण्याची एक फाइल एकाच वेळी असंख्य लोकांना ऐकवता येते. श्रोते वाढले म्हणून दर माणशी खर्च तेवढा वाढत नाही. गेममध्ये दादा खेळत असेल तेवढा वेळ डेटा सेंटरमधल्या एका ग्राफिक्स कार्डाचा निदान एक हिस्सा फक्त त्याच्यासाठी राबत असतो. मोठा गेम असेल तर चांगला मोठा हिस्सा. आणि ऑफिसं, कॉलेजं सुटल्यावर त्या भागातले सगळे एकाच वेळी खेळायला बसतात. संध्याकाळच्या गर्दीला पुरतील इतकी कार्डं ठेवायची तर पहाटे ती रिकामी पडून राहतात. कमी ठेवायची तर संध्याकाळी रांग लागते. दुसऱ्या भागातल्या रिकाम्या कार्डांवर भागवावं, तर अंतर आडवं येतं. म्हणून जीफोर्स नाऊच्या मोफत प्रकारात ताटकळावं लागतं आणि तासाभराने खेळ तुटतो. म्हणूनच पैसे भरणाऱ्या सभासदांवरही महिन्याला १०० तासांची मर्यादा आली: जानेवारी २०२५पासून नव्यांना, वर्षभराने बहुतेक जुन्यांनाही. रोज दोन तास खेळणाऱ्या दादाला १०० तास रग्गड झाले. तू सरावाच्या महिन्यात किती खेळतेस ते तूच बघ.

हार्डवेअरचा खर्च क्लाउडमध्ये गेल्याने नाहीसा होत नाही, हे दादाला शांतपणे सांग. कार्ड कुणीतरी विकत घेतलेलंच असतं, वीज कुणीतरी भरतच असतं, आणि ते सगळं वर्गणीत धरलेलं असतं. थोडं खेळणाऱ्याला हे भाडं स्वस्त पडतं. सतत खेळणाऱ्याला मशीन घेणं बरं पडतं, कारण पाच वर्षांनी त्याच्या हातात निदान मशीन तरी उरतं. ते विकता येतं, त्यातलं एखादं कार्ड बदलता येतं, धाकट्या भावंडाला देता येतं. शिवाय त्यावर तुझा अभ्यास, प्रोजेक्ट, व्हिडिओ एडिटिंग होतं. क्लाउडवरचं मशीन गेमपलीकडे काहीच करत नाही. दर दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलावंच लागतं हेही खरं नाही. सोनीचा पीएस४ हा कन्सोल २०१३मध्ये आला, आणि २०२०मध्ये पीएस५ आल्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच्यासाठी गेम निघत राहिले. प्रकाशकांना जुन्या मशीनवरचे ग्राहक सोडवत नाहीत.

इथे मला तुझ्याही बाजूची एक समजूत सावरायला हवी. मशीन घरी आलं म्हणजे गेम आपल्या मालकीचे झाले, असं नाही. स्टीमवर तू गेम घेतेस तेव्हाही कराराप्रमाणे तो वापरण्याचा परवानाच घेतेस. युबिसॉफ्ट या कंपनीचा द क्रू हा २०१४चा गेम. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो पैसे मोजून घेतला होता, ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांनाही तो खेळता येईना. त्यावरून लोकांनी मोहीम उभारली, युरोपात नागरिकांच्या याचिकेवर २०२५मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा आहे, की दुकानदाराने डिजिटल गेम विकताना तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगायला हवं. तू शूटर खेळतेस, त्यातले बहुतेक सर्व्हरवरच जगतात. तेव्हा मशीन तुला हाताचा वेग देईल, मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, घालायची मोकळीक देईल, नेट गेलं असताना एकट्याने खेळायचा गेम देईल. सगळ्या गेमची कायमची मालकी देणार नाही. जे गेम तुला खरोखर जपून ठेवायचे आहेत ते, मिळत असतील तर, गॉगसारख्या दुकानातून घे. तिथे इन्स्टॉलर, म्हणजे गेम मशीनवर बसवायची फाइल, उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो.

मग स्ट्रीमिंगचं होणार काय? ते वाढेल, पण मशीनच्या शेजारी बसून वाढेल, असं मला वाटतं. विकणाऱ्यांच्याच वागण्यात हे दिसतं. मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये आपलं क्लाउड गेमिंग वेगळं विकलं नाही, गेम पास या आपल्या गेमच्या वर्गणीत एक सोय म्हणून घातलं. सोनीने आपली प्लेस्टेशन नाऊ ही वेगळी स्ट्रीमिंग सेवा २०२२मध्ये बंद करून प्लेस्टेशन प्लसच्या वरच्या वर्गणीत मिसळली. १०० जीबीचा गेम उतरवण्याआधी दहा मिनिटं खेळून बघायला, प्रवासात टॅबलेटवर सुरू केलेलं मिशन पुरं करायला, ज्याला वर्षातून दोनच गेम खेळायचेत त्याला मशीनशिवाय खेळता यावं म्हणून, हे तंत्र फार कामाचं आहे. ज्याच्याकडे मशीन घेण्याइतके पैसे कधी जमणारच नाहीत, त्याला यातून मोठे गेम खेळायला मिळतात, ही तर मला सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते. पण जो रोज खेळतो आणि मनापासून खेळतो, तो घरातलं मशीन मोडीत काढेल असं मला दिसत नाही.

तर असं करा. मशीनचे पैसे देण्याआधी दादाने एका महिन्याची वर्गणी घ्यावी, वर्षाची नाही. त्याला खेळायचे आहेत ते गेम त्या सेवेवर आहेत का, हे आधी यादीत नावानिशी बघावं. ‘हजारो गेम’ या जाहिरातीवर जाऊ नये. लॅपटॉप राउटरला केबलने जोडावा, ते नाहीच जमलं तर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवावा. टीव्हीवर खेळणार असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नये. तो बंद असला तर टीव्ही स्वतःच चित्र सजवण्यात बराच वेळ घालवतो आणि दोष क्लाउडवर येतो. आणि खेळून बघायचं ते रात्री आठ-नऊला, घरातले सगळे नेट वापरत असताना. सकाळी सहाचा अनुभव काही कामाचा नाही. त्याच टेबलावर, त्याच केबलवर तूही तुझा फायटिंग गेम खेळ आणि दादाला शेजारी बसव. प्रशिक्षण मोडमध्ये तुझा नेहमीचा कॉम्बो, म्हणजे सलग ठोशांची साखळी, दहा वेळा लाव, मग तुझ्या आत्ताच्या मशीनवर दहा वेळा. ‘भास’ हा शब्द तो स्वतःच मागे घेईल.

या महिन्यात कुठलाही गेम फक्त त्या सेवेवर चालेल अशा रीतीने विकत घेऊ नका. घ्यायचाच तर घरच्या मशीनवरही चालेल अशा दुकानातून घ्या. सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो त्याची नोंद, दोन्हीकडे सारखी जाते का तेही तपासा. साठ तासांची वाटचाल अडकून पडली की माणूस फार हळहळतो.

मशीन घेताना सगळ्यात वरच्या कार्डाच्या मागे लागू नका. तुझ्या गेमना सुंदर चित्रापेक्षा सेकंदाला १२० किंवा १४४ फ्रेम आणि तेवढ्या वेगाचा मॉनिटर हवा, आणि ते मधल्या दर्जाच्या कार्डावर होतं. उरलेल्या पैशांत दादाची सोय होते, ती अशी. सनशाइन आणि मूनलाइट या दोन मोफत प्रणाली आहेत. पहिली पीसीवर टाकायची, दुसरी दादाच्या जुन्या लॅपटॉपवर. मग तुमचं मशीन हेच त्याचं क्लाउड. तो त्याच्या खोलीत बसून खेळेल, अंतर एका भिंतीचं असल्यामुळे उशीर नगण्य, चित्र जास्त स्वच्छ, आणि बाहेरच्या नेटचा डेटाही खर्च होणार नाही. स्टीमचं रिमोट प्लेही हेच काम करतं. एक अडचण आहे, ती आत्ताच बोलून घ्या: साध्या मांडणीत मशीनवर एका वेळी एकच जण खेळू शकतो. तुझे सामने ज्या संध्याकाळी असतील त्या संध्याकाळी मशीन तुझं. दादाला त्याच वेळी खेळायचं असेल तर त्या महिन्यापुरती त्याने वर्गणी घ्यावी. वर्गणीचा खरा फायदाच हा, की नको त्या महिन्यात ती बंद ठेवता येते.

राहिलं दादाचं ते बोलणं. शिक्षण संपलं की तुझं सुटेल, असं तो म्हणाला. तो स्वतः नोकरी करतो आणि रोज खेळतो, त्याचं सुटलं नाही. मग तुझंच का सुटावं? बहिणीचा खेळ तात्पुरता आणि आपला तो खरा, असं त्याच्या मनात नकळत बसलेलं असावं. रागावू नकोस, पण गप्पही राहू नकोस. साठवलेल्या पैशांत तुझा वाटा आहे, तेव्हा निर्णयातही तेवढाच आहे. पुढच्या स्पर्धेच्या वेळी त्याला तुझ्या शेजारी बसायला सांग. तू फ्रेम मोजून ठोसा अडवतेस ते त्याने बहुतेक कधी नीट पाहिलेलंच नाही. तुझा सामना बघून मगच त्याने मशीन कुणासाठी ते विचारावं.

तुझी,
ताई